सायलेन्सरचं पाणी

माझी व्हॅन हायड्रोजनवर चालवायची, हे ठरलं तेव्हा मी घरात नव्हते, पेणला होते.

आठवड्यातून दोनदा मी पेणला जाते. तिथल्या आणि खाडीकडच्या बायका पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करतात. तो माल मी उचलते आणि रोहा, अष्टमी, धाटावच्या दुकानांत पोचवते. त्यासाठीच जुनी पेट्रोल व्हॅन घेतली होती, मीच चालवते. त्या दिवशी तिची क्लचची तार तुटली होती म्हणून एसटीने गेले. संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अष्टमीला उतरले, घरी आले, तर दारात व्हॅन नाही. नवरा शिफ्ट संपवून चहा पीत बसला होता.

"दादाने नेली," तो म्हणाला.

"तार टाकायला?"

"तारपण टाकेल. पण तिचं इंजिन हायड्रोजनवर करायला घेतोय तो. पेट्रोल बंद आपलं."

"आणि मला विचारलं कोणी?"

"अगं, तुझ्याच फायद्याचं आहे."

दादा म्हणजे माझे थोरले दीर. पुलापलीकडे रोह्यात त्यांचं गॅरेज आहे. सासऱ्यांच्या माघारी त्यांनीच माझ्या नवऱ्याला शिकवलं, कंपनीत चिकटवलं. त्यामुळे आमच्या घरात दादा बोलले की विषय संपतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघतेय.

दीर हाताने चांगले मेकॅनिक आहेत, हे मी नाकारणार नाही. पण अलीकडे त्यांना मेकॅनिक म्हटलेलं चालत नव्हतं. दिवसभर मोबाईलवर परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी त्यालाच ते दाखवत बसायचे. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालून यायला लागले होते. "पेट्रोल जाळलं की धूर," ते मला सांगायचे, "हायड्रोजन जाळला की पाणी. नुसतं शुद्ध पाणी. विज्ञान आहे हे, तुला नाय कळायचं."

मला कळत होतं. बारावीपर्यंत विज्ञानच घेतलं होतं मी. गोष्ट खरीच आहे. साफ खोटी असती तर एकदा हसून सोडून दिली असती. एका खऱ्या गोष्टीचं त्या माणसाने जे केलं, त्याची मला शिसारी आहे.

चारपाच दिवसांनी गॅरेजमध्ये गेले. व्हॅनची मागची सीट काढून टाकली होती. जिथे माझे पापडाचे क्रेट बसायचे तिथे माणसाएवढा लांब लाल सिलिंडर आडवा घातला होता, लोखंडी पट्ट्यांनी आवळून. तो ठाण्याकडच्या कुठल्या तरी गॅसवाल्याकडून आणला होता. त्यातून नळी रेग्युलेटरमध्ये आणि तिथून इंजिनकडे जात होती. पेट्रोलची टाकी काढून बाहेर भिंतीला टेकवली होती.

"टाकी का काढली, भावोजी?"

"ठेवली तर लोक म्हणतील, चोरून पेट्रोलवर चालवतो."

"आणि आरटीओ?"

"आधी चालवून दाखवू. मग तेच येतील फोटो काढायला."

बोलता बोलता त्यांनी हात पुसले. कशाला पुसले ते मी बघितलं. क्रेटवर टाकायचं माझं मलमलचं पांढरं कापड होतं ते, दर फेरीनंतर उकळत्या पाण्यातून काढून मी उन्हात वाळवते. त्याची पार काळी चिंधी झाली होती आणि एका कोपऱ्याला तंबाखूचा डाग होता.

"त्यात काय, धुतलं की झालं," ते म्हणाले आणि माझ्या पायाशीच थुंकले.

महिनाभर मी एसटीने माल आणला. पोह्याचा पापड एसटीत टिकत नाही. कोणी पिशवीवर बसतं, कोणी त्यावर बॅग टाकतं. दुकानदार चुरा परत करायला लागले. तोच चुरा मी घरी तळायची आणि नवरा चवीने खायचा. "मस्त लागतो ग," म्हणायचा. तेव्हा त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघवत नसे.

मग एका रविवारी निरोप आला, गाडी चालू होतेय. आम्ही गेलो. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा इंजिनने फाटकन आवाज केला आणि एअर फिल्टरचं झाकण उडून पत्र्यावर आदळलं. हायड्रोजन पटकन पेटतो, आत जायच्या आधीच पेट घेतो, असं दीर म्हणाले. त्यांनी ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, दुसरे प्लग टाकले, नळीचं तोंड बदललं. दुपार उलटून गेल्यावर इंजिन लागलं आणि चालू राहिलं. आवाज हलका होता, कोरडा. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास नव्हता. क्षणभर मलाही बरं वाटलं. या माणसाने खरंच काहीतरी केलंय, असं मनात आलं.

तेवढ्यात दीर गाडीच्या मागे गेले आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. वाफ जमून थेंब पडायला लागले. त्यांनी हात चाटला.

"पाणी!" ते ओरडले. "नुसतं पाणी!"

मग तोच ओला हात त्यांनी आमच्यापुढे धरला. मला वास आला, जळक्या ऑइलचा आणि गंजाचा. एवढ्या वर्षांचा सायलेन्सर तो, आत किती काजळी बसली असेल. मी मागे सरले. माझ्या नवऱ्याने मात्र त्या तळव्यावरचा थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि उरलेला डोक्यावरून फिरवला. देवळात तीर्थ घेतात तसा.

त्या रात्री त्याने हात माझ्या खांद्यावर ठेवला तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत झोपले.

गाडी रस्त्यावर आली आणि खरं काय ते दिसायला लागलं. नागोठण्याच्या अलीकडे खिंडीच्या चढावर तिला दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढावं लागे, मागून डंपर हॉर्न मारत असत. एक सिलिंडर कसाबसा पेणपर्यंत पुरायचा. परत यायचं तर दुसरा हवा. एका सिलिंडरलाच मागची सगळी जागा जात होती, मग पापड ठेवू कुठे? मी हे दिरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पापडाच्या पुढे विचार करायला शीक."

इंजिनचं ऑइल मी नेहमी स्वतः तपासते. एका सकाळी झाकण उघडलं तर आत पिवळट पांढरा लगदा जमला होता, आंबून फेसाळलेल्या पिठासारखा. बोट लावलं तर चिकट, तार सुटणारा. हायड्रोजन जळून झालेलं पाणी खाली ऑइलमध्ये उतरत होतं. मी मोबाईलवर फोटो काढून दिरांना दाखवला.

"ऑइल वरचेवर बदलायचं," ते म्हणाले. "जगात कुठे फुकट मिळतं काय?"

फुकट मिळणार म्हणूनच तर सुरू केलं होतं सगळं. पण तोवर त्यांचं लक्ष गाडीवर राहिलंच नव्हतं, व्हिडिओवर गेलं होतं. सायलेन्सरखाली तळहात धरलेला त्यांचा व्हिडिओ बऱ्याच लोकांनी बघितला होता. कोणी शाल दिली, कोणी हार घातला. आणखी मोठं काहीतरी हवं, असं त्यांना वाटायला लागलं. मग एक दिवस आमच्या घरी जेवताना त्यांनी मला विचारलं,

"तुझ्या माहेरी पाण्याची बोंब आहे ना?"

माझं माहेर पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीकडे. बाप मिठागरावर राबायचा, आई बांधातल्या भाताला असायची. चहूकडे पाणी, पण तोंडात घेण्यासारखा एक थेंब नाही. नळ आलेत, नळावर हार घालून फोटोसुद्धा निघालेत. पाणी मात्र त्याच्या मर्जीने येतं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आई अजून प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात वेगळं ठेवते, वर कापड बांधून. भांडी धुवायला बोअरचं खारट पाणी, आणि हंड्यातलं फक्त घशासाठी.

"तिथे गाडी नेऊ," दीर म्हणाले. "खारेपाटातल्या बायकांना गाडी पाणी देते, असा व्हिडिओ. बघ कसा चालतो."

मी हातातली पळी ठेवली. "नाही. माझ्या गावात ते नको."

"तुझ्या आईशी बोलणं झालंय माझं. त्या या म्हणाल्या."

आई दुसरं काय म्हणणार होती? लेकीच्या सासरचा थोरला माणूस स्वतः फोन करतो, म्हातारी नको म्हणेल? मी नवऱ्याकडे बघितलं. तो भात कालवत होता. "दादा कधी काही मागतो का आपल्याकडे?" तो म्हणाला.

मे महिन्यात, टँकरच्या दिवशीच त्यांनी गाडी नेली. दिवस बघूनच नेली, हे मला तिथे गेल्यावर कळलं. टाकीपाशी हंडे आणि कळश्या रांगेत मांडलेल्या, बायका झाडाच्या सावलीत बसलेल्या. दिरांनी गाडी बरोबर त्यांच्यासमोर उभी केली. सायलेन्सरला तांब्याच्या नळीचं वेटोळं लावलं, त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, खाली माठातल्या फिल्टरची कांडी आणि तिच्याखाली स्टीलचा ग्लास. नवरा मोबाईल घेऊन समोर उभा राहिला.

"ही गाडी पेट्रोल पीत नाय," दीर मोठ्याने म्हणाले. "ही गाडी पाणी देते!"

इंजिन घरघरत होतं. ग्लासात थेंब पडत होते, एकेक. बायका उठून जवळ आल्या आणि त्या थेंबांकडे बघत राहिल्या. उन्हाने फडकं सुकलं तसं दिरांनी ते पुन्हा भिजवलं, कोणाच्या तरी कळशीत तळाला उरलेल्या पाण्यात बुडवून. ती कळशी कोणाची, हे विचारलंसुद्धा नाही.

एका बाईने विचारलं, "हंडा भराला किती टाईम लागंल, दादा?"

"ही सुरुवात आहे गो," दीर हसले. "पुढे बघ."

मग त्यांनी आईला बोलावलं. ती सणाचं लुगडं नेसून दारात उभी होती. लेकीच्या घरची माणसं येणार म्हणून. दिरांनी ग्लास तिच्या हातात दिला. ग्लास जेमतेम पाऊण भरला होता आणि कांडीतून गाळूनही पाण्याला पिवळी झाक होती, वर तेलाचा तवंग फिरत होता. मी पुढे झाले.

"आई, पिऊ नको ते."

"तेवढं कापून टाक रे," दीर नवऱ्याला म्हणाले. "परत घे. प्या, आई."

आईने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं. आणि ग्लास तोंडाला लावून सगळा संपवला. तिचा गळा हलताना दिसत होता मला.

"कसं हाय पाणी?"

"गोड हाय."

"जरा मोठ्याने. आणि इकडे बघून."

"गोड हाय पानी."

ते त्यांनी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, कारण मधेच टँकरचा हॉर्न वाजला होता. बायका हंड्यांकडे धावल्या. दिरांनी नवऱ्याला सांगितलं, धावणाऱ्या बायका घेऊ नको, गाडी घे.

मी आईला शोधत घराच्या मागच्या पडवीत गेले. ती खाली उकिडवी बसली होती. तांब्याच्या हंड्यावरचं कापड सोडलेलं होतं आणि त्या पाण्याने ती चुळा भरत होती. थुंकायची, पुन्हा घोट घ्यायची, पुन्हा थुंकायची. पदराने जीभ घासत होती. त्या हंड्यातला घोट तिने वाया घालवलेला मी जन्मात बघितला नव्हता.

"का प्यायलीस?"

"मंग काय करू? तुज्या घरची मानसा."

"तेल होतं त्यात, आई."

"माज्या जिभंला कलत नाय काय?" ती म्हणाली. मग तोंड पुसत हळू आवाजात म्हणाली, "तुला तिकडं ऱ्हायाचं हाय, बाय."

मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले. ती उठली, हंड्यावर कापड बांधलं आणि मला म्हणाली, "चल, वाढाला घे. त्यांना भूक लागली असंल."

तिने जिताडा आणला होता. खाडीतला ताजा, पाहुण्यांसाठी. दीर मांडी घालून बसले आणि तुकडे मागून घेऊन जेवले. माशाचं डोकं हातात धरून चोखलं, काटे ताटाबाहेर टाकले. मध्येच म्हणाले, "आई, पाणी द्या जरा. तिखट झालंय."

आई हंड्याकडे वळली. मी म्हणाले, "भावोजी, तुमचं पाणी गाडीत आहे."

नवऱ्याने डोळे वटारले. दीर हसले. "तुझी बायको विनोद करते रे," ते म्हणाले आणि हात पुढे केला. आईने तांब्या भरून दिला. ते गटागटा प्यायले. जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा तांब्या मागितला आणि पायरीवर उभं राहून त्याच पाण्याने हात धुतले, तेल जाईपर्यंत, बोटं एकेक चोळून. ते पाणी ओघळून उंबऱ्याजवळच्या मातीत जिरत होतं. मी बघत होते.

परतीसाठी दुसरा सिलिंडर पेणला आणून ठेवलेला होता, तो जोडला. वडखळच्या पुढे गाडीच्या पोटातून खडखड यायला लागली. दीर म्हणाले, चालू दे. थोड्या अंतरावर ती आचके देऊन थांबली ती थांबलीच. इंजिन जाम झालं होतं. दोघे भाऊ खाली उतरले, ढकलायला लागले. "उतर गो, हात लाव," दीर म्हणाले.

मी उतरले, माझी पिशवी घेतली.

"भावोजी, ही माझी गाडी आहे. तिच्यातलं तुमचं सगळं काढा. पुन्हा तो सिलिंडर दिसला तर मी स्वतः आरटीओत जाऊन सांगेन. आणि माझ्या आईचा व्हिडिओ कुठे टाकायचा नाही."

"एवढं काय झालं?" नवरा म्हणाला. खरोखरच कळलं नव्हतं त्याला. तेच सगळ्यात घाण वाटलं मला.

मागून मिनीडोर रिक्षा आली, तिला हात केला आणि बसून गेले. वळून बघितलं नाही.

व्हॅन मी पेणच्या एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या मेकॅनिकने इंजिन खोललं तेव्हा आत तोच लगदा भरला होता, बेअरिंगं खाल्ली गेली होती. दुरुस्तीत उन्हाळा गेला. आता ती पेट्रोलवर चालते, धूर सोडते, आणि माझे क्रेट मागे व्यवस्थित बसतात. धुराचं मला कौतुक नाही. कोणी खरंच नीट अभ्यास करून, नीट परवानगीने हायड्रोजनची गाडी बनवली तर मी बसेन तिच्यात. पण अजून हायड्रोजन हा शब्द ऐकला की मला आधी तो ग्लास दिसतो.

नवऱ्याशी मी बरेच दिवस कामापुरतं बोलले. त्याने स्वतःच्या मोबाईलमधून व्हिडिओ काढून टाकला, पण दिरांनी तो आधीच इंटरनेटवर टाकला होता. त्यांचं काहीच वाईट झालं नाही. त्यांनी आता एका रिक्षावर काम घेतलंय, कोणत्या तरी कार्यक्रमात भाषणही केलं. गणपतीला घरी आले, मी पान वाढलं. त्यांनी पुरणपोळी मागितली, मी वाढली. त्यांच्या बोटांकडे न बघता.

पावसाळ्यानंतर माल उचलायला माहेरी गेले होते. आई ओटीवर पोहे निवडत होती. तेवढ्यात पलीकडच्या गावातल्या दोन बायका आल्या. एकीच्या कडेवर कळशी. त्यांनी कोणाच्या तरी मोबाईलवर तो व्हिडिओ बघितला होता आणि आईचं घर विचारत आल्या होत्या.

"ती पान्याची गाडी परत कवा येनार हाय?" कळशीवालीने आईला विचारलं. "आमच्या गावात पन पाठवा सांगाल काय?"

आई सुपाकडे बघत राहिली. मीच बोलले. "अशी गाडी नाही. पाणी प्यायचं नव्हतं ते. तेलकट, घाण पाणी होतं."

"पन ही तर गोड हाय बोल्ली," कळशीवाली म्हणाली. तिने आईकडे बोट केलं. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "आमी आयकला ना. दोनदा बोल्ली."

आई उठली आणि सूप घेऊन आत गेली. त्या दोघी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, ती पुन्हा बाहेर येईल म्हणून. मग कळशीवालीने कळशी दुसऱ्या कडेवर घेतली आणि दोघी बांधावरून परत चालायला लागल्या.